व्यापाऱ्यांचा सहप्रवासी अल् मसूदी

प्रसिद्ध अरबी इतिहासकार अबुल् हसन अली अल् मसूदी हा नवव्या शतकाच्या अखेरीस बगदाद येथे जन्मास आला. त्या शहरी ग्रंथांची वाण नव्हती. घरी बसूनही त्यास पंडित म्हणून मिरविता आले असते. परंतु जे पाहता येईल ते स्वतः पाहावे व जे पाहता येणार नाही ते पाहून आलेल्यास विचारावे, हाच त्याने आपला नियम केला. सिंधू व नाईल ह्या दोन्ही नद्यांत सुसरी आढळतात, एवढ्यावरून त्या मुळात एकच असाव्या, असा तर्क जाहिझ नामक थोर ग्रंथकाराने केला होता. मसूदीने तो खोडून काढिला. ज्याने समुद्र ओलांडिला नाही त्याने केवळ पुस्तकांवर विसंबून लिहिले, हा दोष त्याने निर्भयपणे दाखविला.

हे समुद्र त्याने ओलांडिले ते मात्र व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. त्या गलबतांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. वाऱ्याच्या ऋतूप्रमाणे जावे व वारा फिरला म्हणजे परतावे, असा क्रम असे. आफ्रिकेचा हस्तिदंत ओमानात येई व तेथून हिंदुस्थानास व चीनला जाई. ह्या व्यापारात धन होते तसा प्राणांचा धोकाही होता. सुमारे ८७८ साली चीनमधील कँटन बंदरात हुआंग चाओ नावाच्या बंडखोराने हजारो परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. पुढे सिराफ व ओमान येथील गलबते वाटेवरील कलाह बंदरापर्यंतच जात व चिनी व्यापाऱ्यांस तेथे भेटत.

इ. स. ९१६ च्या सुमारास मसूदी आमच्या कोकणात आला. त्याने सैमूर म्हणून वर्णिलेले बंदर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल, असे विद्वान मानतात. तेथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले, तसेच येथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान तेथे राहत; त्यांच्या कारभारासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमिला होता. परधर्मी पाहुण्यांस मिळालेला हा मान मसूदीने कृतज्ञतेने नमूद केला आहे.

त्याच सुमारास आफ्रिकेजवळील कंबलू बेटाहून तो ओमानास परतला. गलबत सिराफच्या अहमद व अब्दुस्समद ह्या दोघा भावांचे होते. मसूदी सुखरूप उतरला. पुढे तेच दोघे भाऊ त्याच समुद्रात आपल्या गलबतासह बुडाले. आपण पाहिलेल्या समुद्रांत ह्याहून भयंकर दुसरा नाही, असे लिहिताना मसूदीने त्या दोघांची नावे आपल्या ग्रंथात घातली. त्यांचा माल व त्यांचे गलबत केव्हाच नाहीसे झाले. नावे तेवढी हजार वर्षे टिकली आहेत.

पुढे पॅलेस्टाइनमध्ये तो यहुदी पंडितांशी बोलला व नासरेथ येथील ख्रिस्ती मंदिरही त्याने पाहिले. ९४७ साली त्याने आपला ‘मुरूजुज्जहब’ हा ग्रंथ पुरा केला व ९५६ साली मिसरातील फुस्तात येथे तो वारला.

भूगोलाचे पुस्तक आज आम्हांस घरबसल्या मिळते. त्यातील एकेक ओळ कोणाच्या श्रमाने, क्वचित कोणाच्या प्राणानेही, आमच्यापर्यंत पोहोचली आहे. मसूदीने ते ऋण ओळखिले व नावानिशी मान्य केले. आमच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यापासून निदान एवढे शिकावे, असे आम्हांस वाटते.