डॉ. बाबासाहेब आंबेडकर : माणसांच्या बाजाराविरुद्धची लढाई



बाबासाहेबांचं चरित्र आपण दरवर्षी वर्गात सांगतो. १४ एप्रिल १८९१ चा महू येथील जन्म, परदेशातलं शिक्षण, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, संविधान. एवढं मुलांना पाठच असतं. पण मुली-बायकांच्या खरेदी-विक्रीबद्दल त्यांनी काय केलं, हे आपल्या भाषणांत सहसा येत नाही. मोठ्या वर्गांतल्या मुलामुलींना ते कळायला हवं.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये एक सभा झाली. समोर होत्या देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया. त्यांतल्या कितीतरी जणींची वाट घरातूनच सुरू झालेली असायची. आधीच दारिद्र्य, त्यात नवस किंवा केसांत जट. मग पोर देवाला सोडायची. तिच्या लग्नाचा रस्ता बंद व्हायचा आणि पुढं दलाल तिला शहरात पोहोचवायचा. बाबासाहेब तिथं कठोर बोलले. हे जिणं सोडा, लग्न करून संसार करा, असं त्यांनी सांगितलं. मग पोटाचं काय, हा प्रश्न होताच. कष्ट पडतील, पण मानानं जगता येईल, अशी त्यांची भूमिका होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे इथं महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला बाबासाहेब आले होते. विषय होता वतनाच्या नावाखाली राबवून घेण्याचा, म्हणजे वेठीचा. वतनाविरुद्धचं विधेयक त्यांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात मांडलं होतं.

परळची सभा आणि तडवळ्याची परिषद वेगळी वाटते ना? संविधानाचा अनुच्छेद २३ उघडून बघा. माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोन्हींना तिथं एकाच वाक्यात मनाई आहे. गरज आणि असहायता यांचा फायदा घेऊन माणूस वापरायचा, हे दोन्हींचं मूळ. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. स्त्रियांना मालमत्तेत वाटा देणारं हिंदू कोड बिल अडलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. जिच्या नावावर काहीतरी आहे, तिला फसवणं अवघड जातं.

६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस देशात स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा झाला.

कायदा आहे, तरी धोका संपलेला नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. पोरगी एकटी कुणाकडे ठेवायची, या काळजीनं लहान वयात तिचं लग्न उरकलं जातं. फसवणारा नेहमी अनोळखीच असतो असं नाही. नात्यातला, गावातला, मोबाईलवर ओळख झालेलाही असतो. नोकरीचं, हुंड्याविना लग्नाचं किंवा प्रेमाचं आमिष दाखवतो.

आपण काय करू शकतो?

१. स्थलांतराआधी हंगामी वसतिगृहासाठी यादी करा. मुलीचं नाव त्यात आहे का, बघा.
२. मुलगी अचानक गैरहजर राहू लागली, तर घरी जाऊन चौकशी करा.
३. लांबच्या कामाचा पत्ता, मालक आणि पगार यांची खात्री झाल्याशिवाय मुलीला पाठवू नका.
४. शंका आली तर १०९८ किंवा ११२ वर फोन करा.
५. परत आलेल्या मुलीला बोल लावू नका, शाळेत घ्या. दार बंद दिसलं की ती पुन्हा दलालाच्याच हाती सापडते.

अनुच्छेद २३ नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवताना तडवळ्याचं नाव जरूर घ्या. हे कलम आपल्या गावाबद्दल आहे, हे मुलांना तेव्हा पटतं.