एडाची टिपणं आणि भाचीचा बोर्ड

माझी भाची अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तळहाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर लिनक्स बसवायचं, हे तिचं काम. बदलापूरला आमच्याकडे मुक्कामाला आली की जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून बसते. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यात निवडायच्या गोष्टी हजारो. बोर्डाला लागेल तेवढंच ठेवायचं, बाकीचं काढायचं. वन रूम किचनमध्ये संसार लावावा तसं! मात्र मेमरी कार्डाचा ड्रायव्हर चुकून वगळला, तर कार्डावरून चालणारा बोर्ड सुरू होता होता अडकून बसतो.

तिला असं यादीत डोकं घालून बसलेली बघितली की मला एडा लव्हलेस आठवते.

एडा लंडनची, जन्म १० डिसेंबर १८१५चा. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ती महिन्याची असतानाच आई तिला घेऊन वेगळी झाली. लेक बापाच्या वळणावर जाऊ नये, म्हणून आईने तिला गणिताला जुंपलं. (मुलगी बिघडू नये म्हणून गणित, हे आपल्याकडे मी तरी ऐकलं नाही बाई!) गोवर झाला, पाय गेले, कुबड्या आल्या, पण अभ्यास सुटला नाही.

सतराव्या वर्षी तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं गणिती यंत्र पुढे त्याने कागदावर आखलं. ते पुरं कधी झालंच नाही. त्या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं एडाने भाषांतर केलं आणि मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट टिपणं जोडली. साल १८४३, पदरात तीन मुलं. कुठली क्रिया आधी, आकडा कुठल्या खान्यातून उचलायचा, उत्तर कुठे ठेवायचं, सगळं तक्त्यात मांडलं. पण चालवून बघणार कशावर? भाचीला निदान बोर्ड बंद करून पुन्हा लावता येतो! असं यंत्र एक दिवस संगीतही रचेल, हेही एडाने लिहून ठेवलं. खाली पुरं नाव नाही, नुसती आद्याक्षरं.

२७ नोव्हेंबर १८५२ला, वयाच्या ३६व्या वर्षी ती गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली.

विमानांत, शस्त्रांत बसवलेल्या संगणकांसाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक भाषा करवून घेतली, तिचं नाव एडा. १९८० साली एडाच्या वाढदिवशीच त्या भाषेच्या प्रमाणाला मंजुरी मिळाली आणि क्रमांक दिला १८१५.

त्या रात्री हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिने मन लावून ऐकलं, आणि मग आवाजाचे सगळे ड्रायव्हर यादीतून काढून टाकले. तिच्या बोर्डाला स्पीकरच नाही.