कोपरगावचे खासदार बी. सी. कांबळे

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोपरगावने १९५७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बी. सी. कांबळे यांना लोकसभेत धाडले, हे आज किती तरुणांना ठाऊक आहे? १९५२ पासून मुंबई विधानसभेत ते फेडरेशनचे एकमेव आमदार होते. पुढे बाबासाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. २००६ मध्ये ते गेले.

एकट्याच्या मताने सरकार पडत नाही. पण एकट्याच्या लेखी प्रश्नालाही मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. त्याची नोंद सभागृहात कायम राहते. कांबळे यांच्याच लोकसभेत मुंदडा प्रकरण प्रश्नातूनच उघडे पडले आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले.

आम्ही वकील म्हणून सांगतो, मत मागायला येणाऱ्याला हिशेब विचारा: सभागृहात आमचे प्रश्न किती मांडलेत?