संगीतसूर्य केशवराव भोसले

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचे नाव निघाले, की तांबड्या मातीत झुंजणारे मल्ल डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु याच मैदानावर एकदा शड्डूऐवजी गाण्याचा आवाज घुमला आणि हजारो लोक तो तल्लीन होऊन ऐकत राहिले. तो आवाज होता केशवराव भोसले यांचा.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. घरात दारिद्र्य होते. पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाण्याच्या वयात हा मुलगा पोटासाठी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. शालेय शिक्षण त्याच्या वाट्याला फारसे आले नाही; रंगभूमी हीच त्याची शाळा झाली. मात्र निसर्गाने त्याला एक देणगी मुक्तहस्ताने दिली होती. ती म्हणजे त्याचा खडा, पल्लेदार आणि तितकाच गोड आवाज. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. 'शारदा' नाटकात बालवयातील केशवरावांनी शारदेची भूमिका अशी वठविली, की त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून गायनाची तालीम घेतली. दुसऱ्याच्या कंपनीत कीर्ती मिळत होती, तरी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नाटके करावीत ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतंत्र नाटक मंडळी स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. ज्या वयात इतर मुले वडिलांच्या आधाराने चालतात, त्या वयात केशवरावांच्या खांद्यावर एका कंपनीचा संसार येऊन पडला.

त्याच सुमारास कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज कलांना आणि कुस्तीला उदार आश्रय देत होते. महाराज १९०२ साली युरोपला गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्याच धर्तीवर त्यांनी खासबाग मैदान बांधविले. मध्यभागी खोलगट आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या माणसालाही समोरचे स्पष्ट दिसे. मैदानाला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर हे नवे नाट्यगृह उभे राहिले. नाट्यगृहाच्या मागील बाजूस, मैदानाकडे तोंड करून, एक खुला रंगमंचही होता.

या खुल्या जागेत केशवरावांनी 'मृच्छकटिक' नाटकाचा प्रयोग केला. मूळ नाटक शूद्रकाचे, संस्कृतातील. गोविंद बल्लाळ देवल यांनी ते मराठीत आणून त्यात पदे घातली. दानशूरपणामुळे निर्धन झालेला चारुदत्त, त्याच्या गुणांवर लुब्ध झालेली वसंतसेना आणि सोन्याच्या गाडीसाठी हट्ट धरून मातीच्या गाडीवर समाधान न मानणारा चारुदत्ताचा लहान मुलगा यांची ती कथा आहे. राजवाड्यापेक्षा सामान्य माणसांच्या सुखदुःखाला अधिक जवळचे असे हे नाटक सामान्य जनांच्या मैदानात व्हावे, हे योग्यच होते.

पण हे काम सोपे नव्हते. नाट्यगृहात भिंती आणि छप्पर आवाज परतवून नटाला साहाय्य करतात. उघड्यावर तो वाऱ्याबरोबर विरून जातो. त्या दिवसांत नटाच्या मदतीला ध्वनिवर्धक नव्हता. जवळच्यांना ऐकू जावे एवढेच गायले, तर दूरचे कंटाळून उठणार. नुसते ओरडले, तर गाण्यातील भाव मरणार. चारुदत्त-वसंतसेनेची हळुवार कथा जमावापर्यंत पोहोचवायची, तर शब्द सुस्पष्ट, स्वर निर्दोष आणि दम दीर्घ हवा. केशवरावांच्या गळ्यात हे सामर्थ्य होते. त्यांचा आवाज अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला, असे जुने लोक सांगत असत.

केशवराव जुन्या नाटकांवरच थांबले नाहीत. मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' रंगभूमीवर आणून त्यांनी हुंड्याच्या दुष्ट चालीवर आघात केला. पौराणिक राजवाड्यांच्या जागी आपल्याच काळातील घरे व माणसे प्रेक्षकांना दिसू लागली. रंगमंचावरील देखावे खरे वाटावेत, यासाठी ते खर्चाकडे पाहत नसत.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव हे दोन कंपन्यांचे नायक, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. परंतु देशकार्यासाठी दोघे एका रंगमंचावर आले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. प्रेक्षकांना कोणाची वाहवा अधिक करावी हे कळेना.

दुर्दैवाने हा आनंद फार काळ टिकला नाही. विषमज्वराने आजारी पडून ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव निवर्तले. त्यांची कंपनी मात्र बापूराव पेंढारकरांनी पुढे चालविली. कोल्हापूरकरांनी पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव दिले. २०२४ साली, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ८ ऑगस्टला रात्री, त्या वास्तूला भीषण आग लागली. जळणारे नाट्यगृह पाहून अनेक कलावंतांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि ते पुन्हा उभारण्याचा निर्धार झाला. शंभर वर्षांपूर्वी शांत झालेल्या त्या आवाजाविषयी कोल्हापूरला अजूनही किती जिव्हाळा वाटतो, हे त्या अश्रूंनी दाखवून दिले.