हाफकिन यांनी मुंबईला प्लेगची लस दिली, पण खरी गुन्हेगार असलेली पिसू त्यांच्या माघारी पकडली गेली

परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या गर्दीतून वाट काढत आचार्य दोंदे मार्गावर आलं की हाफकिन संस्थेचं आवार लागतं. साप चावल्यावर देतात ते औषध आणि पोलिओचे डोस, एवढी या नावाची ओळख बहुतेक मुंबईकरांना असते. पण हाफकिन हे एका माणसाचं नाव आहे आणि या माणसाला मुंबईनं डोक्यावर घेतलं, सरकारनं मात्र घरी बसवलं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 चा. गाव ओडेसा, तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आज युक्रेनमध्ये. घर ज्यूंचं. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेच्निकॉव्ह यांच्यासारखे गुरू भेटले, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. हाफकिन ज्यूंच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये होते, त्यात अटकही झाली. पुढे नोकरीची वेळ आली तेव्हा अट पडली ती धर्म बदलण्याची. ती त्यांनी मानली नाही. मग आधी जिनिव्हा आणि 1889 मध्ये पॅरिस. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम मिळालं, पण ते शास्त्रज्ञाचं नाही, ग्रंथपालाचं.

पुस्तकं सांभाळता सांभाळता रिकाम्या वेळात त्यांनी कॉलऱ्यावर लस तयार केली. 18 जुलै 1892 ला ती पहिल्यांदा टोचली स्वतःलाच. पुढच्या वर्षी ते कलकत्त्यात दाखल झाले आणि तिथल्या बस्त्यांमध्ये फिरून लोकांना लस देऊ लागले.

इकडे मुंबईत सप्टेंबर 1896 उजाडला. मांडवी बंदराजवळच्या दाट वस्तीत लोक तापानं पटापट मरू लागले, जांघेत आणि काखेत गाठी येऊ लागल्या. डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग आहे असं निदान केलं. धोबीतलावला मेट्रोच्या कोपऱ्यावर ज्यांचा पुतळा आहे ते हेच. आधी सरकारला पटेना, मग सगळं शहर हादरलं. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून लाखो लोक गावाकडे पळाले.

सरकारनं हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतलं. 7 ऑक्टोबरला ते मुंबईत पोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काय मिळालं, तर एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या जोरावर जगातली पहिली प्लेगची लस तयार करायची होती.

त्यांची पद्धत ऐकून आपल्याकडच्या माणसाला गंमत वाटेल. जंतू वाढवण्यासाठी मटणाचा रस्सा लागायचा. गाय किंवा डुक्कर वापरलं तर हिंदू-मुसलमान कुणीच लस घेणार नाही, म्हणून रस्सा बकऱ्याच्या मांसाचा. त्यावर तरंगायला तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ छताला लोंबणाऱ्या जळमटांसारखी खाली उतरायची. मग भांडं हलवायचं, ती वाढ तळाला बसली की वर पुन्हा नवी यायची. असं काही आठवडे चालायचं आणि शेवटी उष्णता देऊन जंतू मारायचे. मेलेले जंतू म्हणजेच लस.

10 जानेवारी 1897 ला हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या डोसापेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, अंग ठणकलं, पण ते कामावर हजर राहिले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार असलेल्या निम्म्या कैद्यांना लस दिली गेली. न घेतलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि 6 जण गेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, पण मेलं कुणीच नाही. (कैदी नाही म्हणू शकले असते का, हा प्रश्न आज पडतो. तेव्हा तो फारसा कुणाला पडला नाही.)

लस हाताशी आली, तरी एक मोठा प्रश्न तसाच होता. प्लेग एका घरातून दुसऱ्या घरात जातो कसा? हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सरकारचा संशय घाणीवर, कोंदट हवेवर आणि गरिबांवर. त्यामुळे चाळींमध्ये पथकं घुसायची. आजाऱ्यांना ओढून हॉस्पिटलात न्यायचं, अंथरुणं जाळायची, भिंतींना चुना फासायचा, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढायची. राहायला नालायक ठरलेल्या घरांवर तशी खूण करायची. लोक इतके चिडले की ऑक्टोबर 1896 च्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेला. पुण्यात याच संतापातून पुढे रँडचा खून झाला. त्याच्या तीन महिने आधी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या होत्या.

एवढं सगळं करून प्लेग हटत नव्हता, कारण नेम चुकत होता. गटारांत औषधी पाणी सोडलं की उंदीर शेजारच्या घरात पळायचे आणि त्यांच्या अंगावरून प्लेगही जायचा. भिंती धुवायला वापरलेल्या औषधानं जंतू मरायचे, पण पिसवा वाचायच्या.

पिसवांचं नाव पहिल्यांदा ठामपणे घेतलं ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं. तोही पाश्चर इन्स्टिट्यूटचाच माणूस. मुंबईत प्लेगचे रुग्ण पाहून तो कराचीला गेला आणि तिथं जून 1898 मध्ये त्यानं साधा प्रयोग केला. एका भांड्यात पिसवा असलेला प्लेगचा उंदीर ठेवला. तो मरायच्या बेताला आल्यावर शेजारी एक निरोगी उंदीर जाळीत टांगला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारू शकेल इतकंच अंतर. निरोगी उंदीरही प्लेगनं मेला. पण सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननं त्याचं म्हणणं मोडीत काढलं आणि पिसू आणखी काही वर्षं सुटली.

या काळात हाफकिन यांचं नाव चढतच होतं. तरुण आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, आपल्या समाजाला घ्यायला लावली आणि लसीच्या कामासाठी माझगावातला बंगलाही दिला. 10 ऑगस्ट 1899 ला प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये आली, तीच आजची इमारत. गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथं कॉलऱ्यानं गेली, त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार हिलला मुक्काम हलवला आणि हा वाडा ओस पडला होता. तिथं आता कॉलऱ्याची लस काढणारा माणूस बसला. परळहून देशभर बाटल्या जाऊ लागल्या.

त्यातलीच एक बाटली त्यांना नडली.

30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस दिली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यातल्या 53-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं मेले. इतर बाटल्यांतून घेतलेल्यांना काहीच झालं नाही. मुंबईच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली आणि बाटली परळमध्येच खराब झाली असा ठपका आला. हाफकिन यांनी लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक ॲसिड मिसळणं बंद केलं होतं, तेच त्यांच्यावर शेकलं.

एक गोष्ट मात्र बाजूला पडली. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होतं. तरीही हाफकिन निलंबित झाले, परळची खुर्ची गेली आणि 1904 मध्ये ते लंडनला निघून गेले. पुढे या प्रकरणाला लोक छोटं ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. ड्रेफस हा खोट्या आरोपात अडकवलेला फ्रान्सचा ज्यू अधिकारी.

आणि नेमकं याच काळात, त्यांच्याच परळमध्ये, पिसू पकडली गेली.

डॉ. ग्लेन लिस्टन यांच्या लक्षात आलं की राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगनं मेले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा होत्या. एरवी गिनीपिगवर त्या सापडत नाहीत. मग त्यांना युक्ती सुचली. प्लेग झालेल्या घरात गिनीपिग मोकळे सोडायचे. उंदीर मेल्यामुळे उपाशी असलेल्या पिसवा त्यांच्यावर चढायच्या आणि मोजता यायच्या. 1905 पासून नव्या प्लेग कमिशननं परळच्या आवारात खास खोल्या बांधून हेच मोठ्या प्रमाणात केलं. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगनं मरायचे. पिसवांच्या उडीच्या वर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचायचे. पिंजऱ्याभोवती चिकट कागद पसरला तरी वाचायचे. हवा तीच आणि खोलीही तीच, म्हणजे दोष हवेचा नव्हता.

यामागचं कारण असं. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात. दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणूस. प्लेगचे जंतू पिसवाच्या पोटाच्या तोंडाशी बोळा होऊन बसतात. रक्त आत जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि अडकलेले जंतू जखमेत ओकते. म्हणूनच घरात उंदीर पडू लागले की थोड्या दिवसांत माणसं पडायची.

आपल्या मोती-मनीच्या अंगावर दिसणारी पिसू बहुधा वेगळ्या जातीची असते, पण सवयी तशाच. तिची अंडी प्राण्याच्या अंगावरून अंथरुणात, फटीत, सोफ्याच्या कोपऱ्यात गळतात. नुसती कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही, त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावं लागतं आणि घर कोपऱ्यांसकट झाडावं लागतं. कुत्र्यासाठीचं औषध मांजरीला लावू नये, पर्मेथ्रिन असलेलं तर मुळीच नाही, त्यानं मांजर दगावू शकते. औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच. गोचीड भिंतींच्या भेगांतही अंडी घालते, म्हणून त्या बुजवाव्यात. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नये. सिंधुदुर्गात 2016 पासून दोडामार्गकडे दिसलेल्या माकडतापाचीही चाल अशीच आहे. माकड मरतं आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी जंगलात पसरतात.

हाफकिन यांची बाजू 1907 मध्ये वर आली. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, चिमट्याची गोष्ट पुन्हा मांडली आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. हाफकिन त्याच वर्षी भारतात परतले, पण परळला नाही. कलकत्त्यात त्यांना मर्यादित काम मिळालं, नव्या लसींचे प्रयोग लोकांवर करायला मुभा नव्हती. 1914 मध्ये ते निवृत्त झाले आणि युरोपात राहायला गेले. लग्न केलं नव्हतं. उतारवयात धर्माकडे ओढा वाढला आणि आपली मिळकत त्यांनी ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवली.

1897 ते 1925 या काळात मुंबईतून त्यांच्या लसीचे सुमारे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर गेले. 1925 मध्ये प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक मॅकी यांच्या पुढाकारानं संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं. 26 ऑक्टोबर 1930 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचा मृत्यू झाला.