शेंगांच्या टरफलांपलीकडचे टिळक

बी.ई. झाल्यावर मी एल.एल.बी. करणार असं जाहीर केलं तेव्हा मेसमध्ये एकच हशा पिकला. घरी हसूही नाही, नुसती शांतता. बाबांचं म्हणणं एवढंच, की वकीलच व्हायचं होतं तर बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स होता. एम-थ्री आणि थर्मोमागे चार वर्षं कशाला घालवलीस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सापडलं लायब्ररीत, लोकमान्य टिळकांच्या चरित्रात.

शाळेत दर १ ऑगस्टला आपण सगळ्यांनीच टिळकांवर भाषणं ठोकलीत. पण ती शेंगांच्या टरफलांवरून सुरू होऊन थेट मंडालेच्या तुरुंगात पोहोचायची. मधला कॉलेजातला टिळक कुणी सांगितलाच नाही.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्म. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृत आणि गणित दोन्हींत मुरलेले. १८७२ मध्ये ते वारले तेव्हा टिळक अवघे सोळा वर्षांचे. पुढच्या वर्षी पोरगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला आणि काय केलं? तब्येत किरकोळ म्हणून पहिलं वर्ष तालीम, पोहणं आणि खाण्यात घालवलं! अभ्यासाचे बारा वाजले, वर्ष गेलं. म्हणजे आपल्या भाषेत चक्क इयर डाऊन. पण कमावलेलं शरीर पुढे तुरुंगात कामी आलं.

मग त्यांनी विषय घेतला गणित. शिकवायला केरूनाना छत्रे यांच्यासारखे गणिती. १८७६ मध्ये टिळक पहिल्या वर्गात बी.ए. झाले. एम.ए. मात्र पूर्ण झालं नाही. ते कायद्याकडे वळले आणि १८७९ मध्ये एल.एल.बी. झाले. त्याच काळात डेक्कन कॉलेजच्या हॉस्टेलवर आगरकरांबरोबर रात्र रात्र चर्चा चालायच्या. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं, हे तिथंच ठरलं. १८८० मध्ये चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. पुढे फर्ग्युसनमध्ये टिळक गणित शिकवू लागले.

गंमत म्हणजे त्यांनी वकिलीचा धंदा कधी केलाच नाही. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पोटासाठी वकिलीच्या परीक्षांचा क्लास काढला, शिवाय लातूरच्या जिनिंग फॅक्टरीत भागीदारी केली. आणि गणित? तेही वाया गेलं नाही. १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात त्यांनी संपातबिंदूच्या सरकण्यावरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला. निष्कर्ष आज सगळ्यांना पटत नाहीत, पण पद्धत पाहा: आधी निरीक्षण, मग हिशोब, मग विधान.

या शिस्तीची खरी परीक्षा झाली जुलै १९०८ मध्ये. केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला, समोर न्यायमूर्ती दावर. टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली, काही दिवसांत मिळून एकवीस तासांहून जास्त. ज्युरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं, म्हणून लेखांची इंग्रजी भाषांतरं कुठं चुकलीत ते त्यांनी शब्द फोडून दाखवलं. गणितातलं पायरी न गाळणं, भाषेची जाण आणि कायद्याचा अभ्यास, तिन्ही एका जागी. तरी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. तयारी उत्तम असली की निकाल आपल्या बाजूनं लागतोच असं नाही, हेही मी तिथंच शिकलो.

१ ऑगस्ट १९२० ला ते गेले. मी काही टिळक नाही. माझी एम-थ्रीची केटी अजून निघायची आहे. पण तीन वर्षांच्या एल.एल.बी.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि पेटंट एजंटच्या परीक्षेला तर विज्ञान किंवा तंत्रशास्त्राचीच पदवी लागते. तेव्हा उरलेल्या सेमिस्टरांत गणित नीट करायचं, रोज थोडं मराठी-इंग्रजी वाचायचं आणि वादविवाद स्पर्धा सोडायची नाही, असं ठरवलंय.

दिवाळीत घरी गेलो की बाबांना हे सगळं सांगणार आहे. एकवीस तास नाही, पण एकवीस मिनिटं तरी ते ऐकून घेतील, अशी आशा आहे!