मायबोलीच्या सुरात प्रार्थना : रेव्हरंड नारायण वामन टिळक

एका परंपरेतील गीत दुसऱ्या परंपरेत नेणे हे वाटते तितके सोपे काम नाही. ख्रिस्ती देवळातील एखादे स्तोत्र बँडवर वाजवायचे झाले, तर त्याचे चार स्वरभाग वाद्यांत वाटून द्यावे लागतात. वरची चाल कॉर्नेट व क्लॅरिनेट उचलतात, मधले स्वर इतर वाद्ये भरतात आणि तळाचा भार ट्यूबासारखे अवजड वाद्य वाहते. वादकाला श्वास कोठे घेता येईल हेही आधी ठरवावे लागते. १८८२ साली मुंबईत आलेल्या मुक्तिफौजेने अशी भक्तिगीते वाद्यांच्या गजरात रस्त्यावर आणली. दिल्लीच्या प्रजासत्ताक सोहळ्याच्या सांगता-समारंभात गांधीजींच्या आवडीचे एक इंग्रजी स्तोत्र लष्करी बँड अनेक वर्षे, २०२१ पर्यंत, वाजवीत असत.

महाराष्ट्रातील एका कवीने मात्र याहून अवघड काम अंगावर घेतले. स्तोत्र एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्यावर नेऊन तो थांबला नाही. ख्रिस्ती भक्तीच त्याने मराठी भजनाच्या कुशीत आणून ठेवली. हा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी म्हणजेच मराठी वाचकांच्या परिचयाच्या लक्ष्मीबाई टिळक. टिळकांची वृत्ती अस्थिर. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी कवी, असे ते गावोगाव फिरत राहिले. या भटकंतीत एक लाभ मात्र झाला. कीर्तनाची बैठक, अभंगाची लय आणि श्रोत्यांच्या मनाची नाडी त्यांच्या हाती आली.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. आपल्या बालाघाटाशेजारचे गोंदिया याच लोहमार्गावर आहे. त्या सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाचा ठाव घेतला. दोन वर्षे मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत जबर होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. पतिपत्नींची ताटातूट काही वर्षे टिकली. अखेर त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सत्य म्हणून जे पटले त्यासाठी घर मोडू द्यावे काय, हा प्रश्न टिळकांच्या चरित्रात असा उघडा उभा आहे. वाचकाने त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात रमले आणि १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. त्या काळी मराठी मंडळीत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे बरीच गायली जात. परदेशी चालीत आघाताच्या जागा ठरलेल्या असतात. मराठीचे लघु-गुरू त्या जागांशी जुळत नाहीत. मग दीर्घ अक्षर आखडते, ऱ्हस्व ताणले जाते आणि अर्थ मध्येच अडखळतो. शिवाय बायबल वाचू न शकणाऱ्या खेडुताला चार स्वरांचे एकत्र गायन अपरिचित. त्याच्या कानात लहानपणापासून ओवी आणि अभंग घोळत असे. एकाने म्हणावे आणि इतरांनी ध्रुपद उचलावे, ही त्याची रीत.

ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी पूर्वीच केला होता. टिळकांनी त्या वाटेला काव्याचे सामर्थ्य दिले. त्यांनी अभंग व भजने रचली. आशय येशूच्या भक्तीचा, पण भाषा संतांच्या वळणाची, आणि साथ टाळ-मृदंगाची. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. धर्म बदलला म्हणून मायबोली व देश परके होत नाहीत, हे त्यांनी वादाने नव्हे, तर गाण्याने सिद्ध केले. त्यांची दोनशेहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजली.

त्यांची प्रतिभा देवळापुरती नव्हती. फुले आणि मुले यांवरील कवितांनी त्यांना मराठी काव्यात मानाचे स्थान मिळाले. तरुण बालकवी ठोंबरे यांना त्यांनी आपल्या घरी आसरा दिला. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची आकांक्षा होती. ती पूर्ण होण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम १० अध्याय झाले होते. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून ते पूर्ण केले. एके काळी ज्या मतांतराने त्यांचा संसार मोडला, त्याच श्रद्धेचे काव्य त्यांनी पतीमागे तडीस नेले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त हा सारा प्रवास निर्मळ विनोदाने वर्णिलेला आहे.

उकव्याच्या परिसरात मराठी, हिंदी आणि गोंडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. आपल्या घरचा सूर आणि शाळेचा सूर वेगळा असेल, तर एक टाकून दुसरा धरावा, असे वाटण्याचा मोह होतो. टिळकांनी दोन्ही हातांत दोन्ही धरले. नवे मनापासून स्वीकारले आणि ते आपल्या माणसांना ज्या सुरात उमगेल त्या सुरात आणले. त्यांच्या चरित्रातून आपण एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.